सात हिवाळ्यांचं कव्हर

नोकरी गेली त्या दिवशी दुपारी मी बोटीतली पानं झाडत होतो. असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, काय शांत डोक्याचा माणूस आहे. शांत वगैरे काही नव्हतो. सकाळी पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला, मॅनेजरनं समोरच्या कागदावरून चार वाक्यं वाचून दाखवली, आणि तासाभरात लॅपटॉप आपोआप लॉक झाला. त्यानंतर हातांचं काय करायचं ते मला कळेना. गॅरेजमध्ये झाडू दिसला, बाहेर ड्राइव्हवेमध्ये ट्रेलरवर बोट दिसली. ऑक्टोबर होता, मेपलची पानं तिच्यात गुडघाभर साचली होती. मी झाडायला लागलो.

बोट म्हणजे फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. सोळा फुटांची, अ‍ॅल्युमिनियमची, पुढं एक छोटी काच, मागं जुनं इंजिन. चार माणसं बसतात, पाचवा बसला की सगळेच अवघडतात. शेजारचे म्हातारे गृहस्थ तीन वर्षांपूर्वी मुलीकडं फ्लोरिडाला राहायला गेले, जाताना ती जवळजवळ आमच्या गळ्यात मारून गेले. मी साताऱ्याचा, बायको सांगलीची. दोघांनाही पोहायला धड येत नाही. पण पेनसिल्व्हेनियाच्या या भागात प्रत्येक घरापासून अर्ध्या तासावर एखादं तळं असतं, आणि रविवारी करायला दुसरं फारसं काही नसतं. न्यू जर्सीतल्या आयसेलिनला जाऊन भारतीय वाणसामान आणायचं तर चार तासांचा ड्राइव्ह. त्यामानानं तळं बरं.

आता नोकरी गेली म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी इथं कामाच्या व्हिसावर आहे. स्टेट कॉलेज नावाच्या इथल्या गावात शिकायला आलो, तीन मुलांबरोबर एका अपार्टमेंटमध्ये राहिलो, नोकरी लागली, लग्न करून बायकोला आणलं, मुलगी झाली, घर घेतलं. या सगळ्याला एकोणीस वर्षं झाली आणि मी अजून ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा आहे. नोकरी सुटली की माझ्यासारख्याला साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीनं आपले कागद दाखल केले तर राहायचं, नाहीतर सामान बांधायचं. बायकोचा इथं राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क माझ्या व्हिसाला जोडलेला. ती गावातल्या लायब्ररीत काम करते, तेही जाणार. मुलगी इथं जन्मली म्हणून ती तेवढी मोकळी.

साठ दिवस. पहिला दिवस मी पानं झाडण्यात घालवला.

संध्याकाळी बायको कामावरून आली तेव्हा मी तिला सांगितलं. तिनं पर्स खाली ठेवली, पाणी प्यायली आणि विचारलं, "किती जणांना काढलं?" मी म्हणालो, आमची अख्खी टीम. ती म्हणाली, "मग तुझी चूक नाही." त्यानंतर तिनं कुकर लावला. मला तेव्हा वाटलं, बाई खंबीर आहे. आता वाटतं, ती दमली होती आणि मला ते ओळखता आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी नियमानं नऊ वाजता डायनिंग टेबलवर बसायला लागलो. अर्ज पाठवायचे, ओळखीच्यांना मेसेज करायचे, इंटरव्ह्यूची तयारी करायची. कॅलिफोर्नियात सांता क्लारामध्ये माझा कॉलेजपासूनचा मित्र आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, "यार, इथं पण लोकांना काढतायत. तू रेझ्युमे टाक, मी फॉरवर्ड करतो. आणि टेन्शन घेऊ नकोस." टेन्शन घेऊ नकोस असं म्हणणारी सगळी माणसं ग्रीन कार्डवाली असतात, हे मी त्या आठवड्यात शिकलो.

इंटरव्ह्यू घेणारी मुलं माझ्या पुतण्याच्या वयाची. एकीनं छान हसून विचारलं, येत्या पाच वर्षांत तुम्ही स्वतःला कुठं पाहता? माझे तेव्हा सत्तेचाळीस दिवस उरले होते. मी तिला लीडरशिपबद्दल काहीतरी सांगितलं. ते मला स्वतःलाच इतकं पुळचट वाटलं की कॉल संपल्यावर बराच वेळ मी काळ्या स्क्रीनकडं बघत बसलो.

मग मी कव्हरांच्या मागं लागलो.

त्याचंही असं आहे की बोटीला हिवाळ्यासाठी झाकावंच लागतं. इथं नोव्हेंबरच्या शेवटी बर्फ सुरू होतं आणि एप्रिलपर्यंत पिच्छा सोडत नाही. उघडी ठेवली तर पाणी साचतं, गोठतं, फुगतं, आणि सीटा, वायरी, इंजिन सगळ्याची वाट लागते. आम्ही आधीचे दोन हिवाळे दोन वेगवेगळ्या प्रकारांनी फुकट घालवले होते.

पहिल्या हिवाळ्यात मी माझी अक्कल चालवली. अक्कल साताऱ्याची. आमच्याकडं मे महिना संपता संपता वडील ताडपत्री काढायचे आणि स्कूटर, सरपण, खिडक्या, जे जे भिजण्यासारखं आहे ते सगळं बांधून टाकायचे. इतकं घट्ट की आत मुंगी जायची नाही. पाऊस वरून येतो, बाजूनं येतो, तेव्हा सगळीकडून बंद करायचं. माझ्या डोक्यात 'झाकणं' म्हणजे हेच. मी दोन निळ्या ताडपत्र्या आणल्या, एक वरून घातली, एक खालून घेतली, आणि नायलॉनच्या दोरीनं अशी आवळली की बायको म्हणाली, "भारतात कुरियर करतोयस का?" मला फार अभिमान वाटला होता.

एप्रिलमध्ये सोडली तेव्हा आतून जो वास आला तो मी विसरणार नाही. सीटांवर काळी बुरशी, कार्पेटवर बुरशी, लाइफ जॅकेटवर केसाळ पांढरी बुरशी. एक थेंब पाणी बाहेरून आत गेलं नव्हतं. आतलीच ओल आत राहिली होती. दुपारी ऊन पडलं की तिची वाफ व्हायची, संध्याकाळी प्लॅस्टिकला लागून थेंब व्हायचे आणि परत खाली पडायचे. पाच महिने हाच उद्योग. तळ्याकाठी बोटी दुरुस्त करण्याचं एक दुकान आहे, तिथल्या म्हाताऱ्याला मी फोटो दाखवले. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, बोटीला हवा लागते, पावसापेक्षा कोंडलेली ओल वाईट. आमच्या देशात पाऊस हा एकच शत्रू असतो, हे त्याला काय सांगणार. कुणाला यातून संसाराबद्दल धडा काढायचा असेल तर खुशाल काढावा. मला त्या दिवशी फक्त ब्रश आणि व्हिनेगरची बादली दिसत होती.

दुसऱ्या हिवाळ्यात त्याच म्हाताऱ्याकडून पांढरं प्लॅस्टिक चिकटवून घेतलं. तो ते बोटीवर पसरतो, मोठ्या हीट गननं गरम करतो, आणि ते आकसून ढोलाच्या कातड्यासारखं ताठ बसतं. हवेसाठी छोट्या खिडक्याही ठेवतो. काम उत्तम, बोट कोरडी राहिली. पण एप्रिलमध्ये ते सुरीनं फाडून काढायचं आणि कचऱ्यात टाकायचं, पुढच्या वर्षी पुन्हा पैसे देऊन नवीन. एवढं धडधाकट प्लॅस्टिक टाकून द्यायचं आमच्या जिवावर आलं. आम्ही दोघांनी त्याची व्यवस्थित घडी घालून गॅरेजमध्ये ठेवली. कशाला उपयोगी पडणार, तर कशालाच नाही. ती घडी अजून तिथंच आहे आणि दर वेळी गाडी काढताना तिला आरसा घासतो.

म्हणून तिसऱ्या वर्षी धुता येईल, हवा खेळेल, वर्षानुवर्षं टिकेल असं शिवलेलं कापडी कव्हर घ्यायचं हे आमचं उन्हाळ्यातच ठरलं होतं. फक्त कुठलं, ते ठरायचं होतं. नोकरी गेल्यावर एखाद्या शहाण्या माणसानं तो विषय गुंडाळला असता. मी एक्सेलची शीट उघडली.

माझ्या पिढीच्या, माझ्या धंद्यातल्या मराठी माणसाला ही खोड आहे. काहीही घ्यायचं तर आधी शीट. मिक्सर घेताना शीट केली होती, मुलीची शाळा निवडताना केली होती, घर घेताना तर त्या शीटला वेगळी शीट होती. कव्हराच्या शीटमध्ये रकाने झाले: कापडाची जाडी, वजन, उन्हात रंग किती टिकतो, हवेच्या खिडक्या किती, पट्टे शिवलेले की वेगळे, मधला खांब बरोबर येतो का, गॅरंटी किती वर्षं, लोक काय म्हणतात, किंमत. प्रत्येक रकान्याला मी गुण दिले, गुणांना महत्त्वाप्रमाणे भार दिला. अकरा कव्हरं आली. त्यांतली तीन स्वस्त होती आणि लोक लिहीत होते की दुसऱ्या वर्षी शिवण उसवते. दोन इतकी महाग की तेवढ्यात दुसरी बोट आली असती. मधल्या सहांमध्ये माझा जीव अडकला.

मापं घ्यायला मी बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेतली. लांबी बोटीच्या नाकापासून मागच्या टोकापर्यंत सरळ मोजायची असते, काचेवरून फिरवून नाही. मी आधी काचेवरून मोजली, मग ती चूक कळली, मग पुन्हा मोजली. कोपऱ्यांवर, जिथं कापड घासून फाटतं, तिथं बांधायला जुन्या टॉवेलचे तुकडे करून ठेवले. ही कामं करताना मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, त्या सगळ्या दिवसांत तेवढ्याच कामात मला बरं वाटायचं. अर्ज पाठवला की तो कुठं जातो कळत नव्हतं. कव्हराची लांबी मात्र पुन्हा पुन्हा मोजली तरी तीच येत होती.

मुलगी अकरावीत आहे. एकदा ती शाळेतून आली आणि माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडं बघत म्हणाली, "बाबा, इज दॅट फॉर अ जॉब?" मी म्हणालो, नाही, बोटीचं कव्हर. ती आपल्या खोलीत गेली. नंतर मला किचनमधून ऐकू आलं, ती आईला विचारत होती, "इज ही ओके?" आई म्हणाली, "त्याला करू दे."

एकोणिसाव्या दिवशी मी ऑर्डर केली. मधल्या सहांमधलं सर्वांत वरचं. जाड पॉलिएस्टरचं, राखाडी, दोन्ही बाजूंना हवेच्या झडपा, मधला खांब बरोबर, आणि सात वर्षांची गॅरंटी. बटण दाबताना माझ्या मनात आलं होतं, साताऐवजी दोन वर्षांचं घ्यावं का. लगेच दुसरं मन म्हणालं, दोन वर्षांचं घेणं म्हणजे आपण जाणार हे कबूल करणं. आणि मी ते कबूल करणार नव्हतो. इतकी वर्षं आम्ही प्रत्येक वस्तू 'सध्यापुरती' म्हणून घेतली. सोफा सध्यापुरता, पडदे सध्यापुरते, भांडी तर आईनं सध्यापुरती म्हणून दिलेली अजून चालू आहेत. एक तरी वस्तू मला इथं राहणाऱ्या माणसासारखी घ्यायची होती. हे मी बायकोला बोललो नाही. तिला फक्त सांगितलं, घेतलं.

कव्हर आलं त्यानंतरच्या शनिवारी सकाळी आम्ही दोघं ते घालायला बाहेर आलो. थंडी होती, पण ऊन होतं. मी आदल्या दिवशीच बोटीचा मजला पुसून दोन तास पंखा लावून वाळवला होता. बोटीच्या मधोमध खांब उभा केला, म्हणजे वरचं कापड तंबूसारखं उंच राहतं आणि बर्फ घसरून पडतं. मग कव्हर नाकाकडून घालत मागं आणलं. ते तंतोतंत बसलं. मी इतका खूश झालो की मला शीळ घालावीशी वाटली.

नंतर पट्टे. ते ट्रेलरखालून या बाजूनं त्या बाजूला द्यायचे आणि ओढून बकल लावायचं. मी उजवीकडं, बायको डावीकडं. मध्ये कापडाचा उंच राखाडी डोंगर, त्यामुळं आम्ही एकमेकांना दिसत नव्हतो. मी खालून पट्टा ढकलायचो, ती ओढून घ्यायची. तीन पट्टे झाले. चौथा देताना मी म्हणालो, "आता सात वर्षं बघायला नको."

पट्टा ओढला गेला नाही. मला वाटलं अडकला. मी वाकून खालून पाहिलं तर तिचे बूट तिथंच होते.

"सात वर्षं कुणासाठी?" ती पलीकडून म्हणाली.

"म्हणजे?"

"तू अकरा कव्हरं कम्पेअर केलीस. मी ती शीट बघितली. कापड, शिवण, झडपा, सगळं बघितलंस. मला एकदा तरी विचारलंस, तुला राहायचंय का म्हणून?"

मी म्हणालो, "मी राहण्यासाठीच तर मरमर करतोय."

"तेच म्हणतेय मी."

"पिल्लूचं शिक्षण आहे..."

"तिचं मी विचारत नाहीये. ती इथलीच आहे, ती करेल मॅनेज." तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "आईचं ऑपरेशन झालं तेव्हा आपण ठरवलं, जायला नको, व्हिसाच्या स्टॅम्पिंगमध्ये अडकलो आणि परत येता आलं नाही तर? ठरवलं म्हणजे तू म्हणालास आणि मी मान डोलावली. चार वर्षं झाली मी आईला भेटले नाही. प्रत्येक वेळी काहीतरी होतं. आधी प्रमोशन, मग रांग, मग घर. आता साठ दिवस."

मला राग आला. तो कसा आला हेही सांगतो, कारण तो चांगला नव्हता. मनात आलं, हे सगळं मी कुणासाठी केलं, आणि आता, या महिन्यात, हिला हे सुचावं? मी पट्टा खाली टाकला आणि म्हणालो, "मग तुला परत जायचंय. सरळ सांग ना."

रस्त्यावरून कुणीतरी कुत्रा घेऊन गेलं आणि हात हलवला, मीही हलवला.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "हेच तर सांगतेय. मला माहीतच नाही. मी कधी विचारच केला नाही, कारण कुणी विचारलं नाही. लायब्ररीत बायका रिटायरमेंटच्या गोष्टी करतात, मी नुसती ऐकते. तळ्यावर जायला मला आवडतं ते का, माहितेय? तिथं रेंज नसते. तेवढे दोन तास तू व्हिसाचं स्टेटस बघत नाहीस."

मला वाटायचं तिला पाणी आवडतं. तीन वर्षं मी तिला पाणी आवडतं म्हणून तळ्यावर नेत होतो.

तिनं वाकून पट्टा उचलला, ओढला आणि बकल लावलं. उरलेले पट्टेही आम्ही लावले. मग ती आत गेली आणि मी कोपऱ्याकोपऱ्यावर कापड ताणून बघत उगाच बाहेर थांबलो.

पुढचे तीन आठवडे घरात भांडण नव्हतं. जेवणं वेळेवर होत होती, डबे भरले जात होते. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मुलीनं भोपळ्याचा 'पाय' बेक केला, आम्ही तिघांनी खाल्ला. मी अर्ज पाठवत होतो, पण आता पाठवताना हात थोडा अडखळायचा. पूर्वी शंका एवढीच होती, मिळेल का. आता तिच्या शेजारी दुसरी येऊन बसली होती.

एकोणपन्नासाव्या दिवशी फोन आला. पिट्सबर्गमधली मध्यम आकाराची कंपनी, पद आधीपेक्षा एक पायरी खालचं, पगारही कमी, पण घरून काम चालेल आणि कागद मुदतीच्या आत दाखल करू म्हणाले. फक्त दोन दिवसांत हो म्हणा. मी फोनवर हो म्हणणारच होतो. तोंडाशी आलेला शब्द गिळला आणि म्हणालो, उद्या संध्याकाळी कळवतो. पलीकडच्या बाईला आश्चर्य वाटलं असावं. माझ्यासारख्या माणसाकडून असं उत्तर येत नाही, हे तिलाही माहीत असणार.

बायको घरी आल्यावर मी ऑफर लेटर उघडून फोन तिच्यासमोर ठेवला. म्हणालो, "आज विचारतोय. राहायचं का?"

तिनं पूर्ण वाचलं. मला अपेक्षा होती ती लगेच हो म्हणेल, विचारल्याचं समाधान मिळालं की झालं. ती म्हणाली, "मला उद्यापर्यंत वेळ दे."

तो एक दिवस मला त्याआधीच्या सगळ्या दिवसांपेक्षा जड गेला. ती सकाळी नेहमीसारखी कामावर गेली. मी टेबलवर बसलो, उठलो, भांडी घासली, कपडे वाळवले, बाहेर जाऊन विनाकारण पट्टे तपासून आलो. एकोणीस वर्षं मी वकिलाची वाट पाहिली, ऑफिसरची पाहिली, महिन्याला जाहीर होणाऱ्या ग्रीन कार्डाच्या तारखांची पाहिली. बायकोच्या उत्तराची वाट मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि याची मला लाज वाटली.

साडेपाचला ती आली. कोट न काढता खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "हा हिवाळा राहू."

"आणि पुढं?"

"पुढचं आत्ता नाही सांगता येत. बर्फ गेलं की तू मला पुन्हा विचारशील. आणि मेमध्ये मी आईकडं जाणार आहे. स्टॅम्पिंगचं काय व्हायचं ते होऊ दे."

मी हो म्हणालो. कंपनीलाही हो म्हणालो. कागद छपन्नाव्या दिवशी दाखल झाले.

हिवाळा मोठा होता. तीनदा फूटभर बर्फ पडलं आणि तिन्ही वेळा कव्हरावरून घसरून बाजूला ढीग झाले. मार्चमध्ये मी एका कोपऱ्यातून हात घालून सीट चाचपली, तर ती खडखडीत कोरडी. नवीन नोकरीत मला माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान माणूस काम सांगतो. तो वाईट नाही. पण संध्याकाळी लॅपटॉप मिटला की मला कुणाशी बोलवत नाही, आणि रविवार संपूच नये असं वाटतं. बायकोनं मेचं तिकीट काढलंय. आईशी बोलताना ती हल्ली मोठ्यानं हसते, मला दुसऱ्या खोलीत ऐकू येतं.

गेल्या शनिवारी म्हाताऱ्याच्या दुकानातून फोन आला, तळं बोटींसाठी उघडलं, बोट कधी आणताय. एप्रिल निम्मा झाला होता. बायको ओट्यापाशी भाजी निवडत होती. मी फोन ठेवला आणि तिच्यासमोर जाऊन बसलो. महिनाभर मी हे वाक्य मनात घोळवत होतो.

"बर्फ गेलं," मी म्हणालो. "पुन्हा विचारतोय. आता काय वाटतं? राहायचं का?"

तिनं निवडलेली मेथी बाजूला सारली. मला वाटलं आता उत्तर येणार, आणि ते काहीही असलं तरी ऐकायची मी तयारी केली होती. हो असेल तर काय, नाही असेल तर घर कधी विकायचं, मुलीचं शेवटचं वर्ष कसं करायचं, सगळं.

ती म्हणाली, "आणि तुला?"

"मला काय?"

"तुला राहायचंय का?"

मी बोलायला तोंड उघडलं. एकोणीस वर्षं मी राहण्यासाठी धडपडलो होतो, तेव्हा उत्तर जिभेवर असायला हवं होतं. मी शोधलं. कारणं सापडली, हप्ते सापडले, मुलीचं कॉलेज सापडलं, आईवडिलांनी साताऱ्यात लोकांना काय काय सांगून ठेवलंय तेही सापडलं. उत्तर सापडेना. मला कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि मी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"मी दमलोय गं," मी म्हणालो.

"हे उत्तर नाही."

"माहितेय."

तिनं अर्धी मेथी माझ्याकडं सरकवली आणि आम्ही दोघं निवडत बसलो. दुकानात मी अजून तारीख कळवलेली नाही. तिनं मला मेपर्यंत, ती निघेपर्यंत वेळ दिलाय.